निम्म्याच्या आत

तराजूसाहेब वजनमापं खात्यात निरीक्षक होते. 'तराजूसाहेब' हे नाव त्यांना इमारतीतल्या लोकांनी दिलं होतं आणि त्यात थोडी थट्टा असली तरी साहेबांना ती पदवी वाटायची. ते दुकानात शिरले की दुकानदार आधी वजनं पुसायला घ्यायचा आणि मग त्यांना खुर्ची द्यायचा. खुर्ची ते घेत नसत, चहाही घेत नसत. खात्याचं पेनसुद्धा त्यांनी कधी घरी आणलं नव्हतं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की पुढे जो गोंधळ झाला त्यात त्यांच्या हेतूबद्दल कुणी शंका घेऊ नये.

सुरुवात झाली ती मुलीच्या शाळेतल्या पालकसभेपासून. एरवी सभेला बायको जायची, पण त्या शनिवारी तिच्याकडे कुणाच्या तरी पडद्यांचं शिवणकाम आलं होतं, म्हणून साहेब गेले. मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसलेल्या पालकांसमोर एक पाहुणे डॉक्टर बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, मूल जाड आहे की बारीक एवढंच बघू नका, चरबी कुठे बसते ते बघा. मांड्यांवर, कुल्ल्यांवर बसली तर ती त्या मानाने गरीब असते. पोटाच्या घेरात, आतल्या अवयवांभोवती साठली की मात्र पुढे रक्तदाब, साखर, हृदय, सगळ्यांच्या मागे लागते, आणि या गोष्टीची सुरुवात लहानपणीच होते.

"साधा हिशेब सांगतो," डॉक्टर म्हणाले. "कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. एक दोरी घ्या, मुलाच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा. ती कमरेभोवती पुरली तर निवांत राहा."

साहेबांना सगळं पटलं, फक्त दोरी पटली नाही. दोरीवर ना आकडे, ना शिक्का. दोरीने मोजायचं तर मग खातं कशाला काढलं सरकारने?

घरी आल्या आल्या त्यांनी मुलीला हाक मारली. मुलीचं घरातलं नाव बबडी, वय नऊ, इयत्ता चौथी, आणि त्या वेळी ती सोफ्याच्या हातावर घोड्यासारखी बसून पाव खात होती. खात्याची पोलादी टेप साहेबांच्या बॅगेतच होती, पण सरकारी साधन खासगी कामाला वापरायचं नाही हा नियम. बायकोची नवी टेप तिच्या गळ्यात होती आणि मशीन चालू असताना तिला हाक मारायची नाही हा दुसरा नियम. साहेबांनी शिवणाच्या टोपलीत तळापर्यंत हात घालून एक जुनी कापडी टेप काढली.

"हात वर कर."

"बाबा, गुदगुल्या होतात."

"श्वास सोड. आता हलू नकोस."

उंचीचा प्रश्न नव्हता. स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीने खूण करायची पद्धत होती आणि ती साहेबांनी स्वतः, सुताराचा काटकोनी गुण्या लावून करून ठेवलेली. एकशे बत्तीस सेंटिमीटर. निम्मे सहासष्ट. कमर भरली एकोणसत्तर.

साहेबांनी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तेच. तीनदा सारखं आलं म्हणजे माप पक्कं, असं त्यांनी स्वतः कितीतरी दुकानदारांना ऐकवलं होतं.

बायको दोऱ्याचं टोक दातांनी तोडत बाहेर आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बबडीकडे एकदा बघितलं. "मला तर ती नीट वाटते. गेल्या वर्षीचे फ्रॉक लांबीला आखूड झालेत, कमरेला नाही."

"डोळ्यांनी बघणं आणि मोजणं यात फरक असतो," साहेब म्हणाले. बायको पुन्हा पडद्यांकडे गेली. आपण फार तोडून बोललो असं साहेबांना वाटलं, पण आकडा आकडा होता.

त्या संध्याकाळी न्हाणीघराचं दार लावून त्यांनी स्वतःचीही कमर मोजली. तिथे जे आलं ते पाहून त्यांनी श्वास आत ओढला, पुन्हा मोजलं आणि टेप घडी करून शर्टाच्या खिशात घातली. हा नियम मोठ्या माणसांनाही लागू आहे असं काही ते डॉक्टर म्हणाले नव्हते.

इथवर गोष्ट घरातल्या घरात होती. ती घराबाहेर गेली लिफ्टमध्ये. शेजारच्या दारचे पीटी सर निवृत्त होऊनही शिट्टी गळ्यात घालून फिरायचे. त्यांना साहेबांनी सहज विचारलं, की लहान मुलांच्या पोटाचा घेर कमी करायला काय करावं. पाचव्या मजल्यावरून तळमजल्यावर येईपर्यंत सरांनी तीन व्यायाम सांगितले, त्यातला एक करून दाखवला, आणि त्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. ती सुटेपर्यंत बाहेर जमलेल्या सगळ्यांना आत काय विषय चालू आहे ते कळलं होतं.

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "दूध बंद करा. आमच्या नातीला बघा, छडीसारखी आहे. दोन घास खाते आणि उठते." चौथ्या मजल्यावरून निरोप आला, की दुधाशिवाय दुसरं काही देऊ नका. कुणी म्हणालं सकाळी गरम पाणी, कुणी म्हणालं संध्याकाळी, आणि दोघांनीही एकमेकांची वेळ घातक ठरवली. सगळ्यांत खोल सल्ला दिला तो शेजारच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या बँकवाल्यांनी.

"तुम्ही कमरेच्या मागे का लागलाय?" ते म्हणाले. "हा अपूर्णांक आहे, साहेब. वरचा आकडा कमी होत नसेल तर खालचा वाढवा. मुलीची उंची वाढवा. लोंबकळायला लावा."

गणित म्हणून यात चूक काढता येत नव्हती. साहेबांनी लोखंडी दांडा आणला, भिंतीला भोकं पाडून बसवला आणि मुलीला टांगण्याआधी जबाबदार बाप म्हणून स्वतः लोंबकळून बघितलं. दांडा आला, दांड्याबरोबर गिलावा आला, गिलाव्याबरोबर दोन विटा आल्या, आणि भिंतीपलीकडे बँकवाल्यांचा दाढीचा आरसा खाली आला. बँकवाले अर्ध्या चेहऱ्याला फेस लावून दारात उभे राहिले. सल्ला त्यांचाच असल्यामुळे त्यांना फारसं बोलता येईना, आणि न बोलताही राहवेना. साहेब बरेच दिवस पाठीला मलम लावून ऑफिसला जात होते आणि विचारणाऱ्याला "वजन उचलताना" असं सांगत होते. वजनमापं खात्यात हे कुणालाही पटत होतं.

त्यात रविवारी सकाळी इमारतीतले पालक आपापली मुलं घेऊन साहेबांच्या दारात आले. सरकारी माणूस मोजून देतो आहे म्हटल्यावर कोण सोडतो? रांग जिन्यापर्यंत गेली. साहेबांनी चष्मा चढवला, खिशातून टेप काढली आणि एकेक मूल मोजायला घेतलं. उंच, बुटकी, जाडी, बारीक, झाडून सगळी मुलं निम्म्याच्या बाहेर निघाली. साहेबांचा आवाज हळूहळू खाली गेला. शेवटी शेवटी तर ते आकडा पालकांच्या कानात सांगू लागले.

काकूंनी तेवढी आपल्या नातीला मोजू दिली नाही. "आमचीला काय मोजता, तिथे मोजायला आहे काय?" असं म्हणून त्या तिला हाताला धरून घेऊन गेल्या.

"माझी जुनी टेप कुठे दिसली का?" त्याच दिवशी बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. साहेब चिंतेत होते. त्यांनी 'हं' केलं, आणि ते हो होतं की नाही ते तिला कळलं नाही.

संध्याकाळी इमारतीची सभा झाली. अख्खी इमारत धोक्याच्या पातळीवर आहे हे सरकारी मापाने सिद्ध झालं होतं. पीटी सरांनी ठराव मांडला, की सकाळ-संध्याकाळ लिफ्ट बंद ठेवावी आणि मुलांनी व पालकांनी जिना वापरावा. काकूंनी जोरदार पाठिंबा दिला. त्या तळमजल्यावर राहत होत्या. साहेबांचा पाचवा मजला आणि त्यांची पाठ, दोघांनीही विरोध करायचं ठरवलं होतं, पण सगळे त्यांच्याकडे इतक्या आदराने बघत होते की त्यांचा हात आपोआप वर गेला.

इमारतीचं चक्र बदललं. सकाळी सर शिट्टी वाजवत पुढे, मुलं मागे, आणि मुलांच्या मागे धापा टाकणारे पालक. बिस्किटवाला दारातून परत पाठवला जाऊ लागला. बबडीला सकाळी एक अंडं, दुपारी भाज्या आणि संध्याकाळी टेप, असा क्रम ठरला. आकडा कधी तसूभर खाली यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. साहेबांची झोप उडाली. ऑफिसात एका दुकानदाराचं वजन चार ग्रॅम कमी भरलं तर ते रागवायचे सोडून त्याच्या पोटाकडे बघत राहिले.

बबडीने सुरुवातीला या सगळ्याचा खेळ केला होता. पोट आत ओढून मोजून घ्यायची आणि मग सोडून हसायची. ते हसणं कधी थांबलं हे साहेबांच्या लक्षात आलं नाही. लक्षात आणून दिलं तिच्या वर्गाच्या बाईंनी. शाळेतून फोन आला, की तुमची मुलगी रिलेच्या संघात होती, तिने नाव मागे घेतलंय, घरी काही झालंय का?

बायकोने फोन ठेवला आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. साहेब आत गेले. बबडी पलंगाच्या कडेला बसली होती. उजवा हात छातीवर, मान खाली.

"काय करतेस गं?"

"बघतेय चालू आहे का."

"काय चालू आहे का?"

"हृदय." तिने हात जरासा सरकवला. "बाबा, धावताना ते बंद पडलं तर आपल्याला आधी कळतं का?"

साहेबांनी खिशातली टेप आणखी खोल ढकलली. शेवटी ते म्हणाले, "असं काही नसतं." पण रोज संध्याकाळी टेप घेऊन येणाऱ्या माणसाने हे म्हटलं, तर त्यावर नऊ वर्षांच्या मुलीने का विश्वास ठेवावा? तिने ठेवला नाही. तिने मान हलवली आणि हात तिथेच ठेवला.

साहेब स्वयंपाकघरात येऊन बसले. बायकोने त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

"उद्या तिला मोठ्या इस्पितळात दाखवू," ते म्हणाले.

"दाखवू," ती म्हणाली. "पण तिच्यासमोर एकाही आकड्याचं नाव काढायचं नाही."

सकाळी टॅक्सी बोलावली तर काकू नातीला घेऊन दारात उभ्या. त्यांना गुडघ्याचं औषध घ्यायचं होतं आणि टॅक्सी त्याच इस्पितळात जात होती. नातीला घरी बघायला कुणी नव्हतं. पाचही जण कसेबसे बसले.

इस्पितळात पहिल्या खिडकीवरच्या बाबूने विचारलं, "आजार काय?"

"आजार नाही," साहेब म्हणाले. "धोका आहे."

बाबूने संगणकाकडे बघितलं. "धोका यात बसत नाही. ताप लिहू का?"

"ताप नाही तिला."

"मग खोकला?"

"जे नाही ते मी लिहून देणार नाही," साहेब ताठ झाले. बाबूने सुस्कारा सोडून 'इतर' लिहिलं आणि त्यांना मुलांच्या हृदयाच्या विभागात पाठवलं. तिथल्या खिडकीवर सांगण्यात आलं, की हृदयविभाग 'इतर' घेत नाही, आधी बालविभागाची चिठ्ठी लागेल. बालविभाग म्हणाला, चिठ्ठी देतो, पण तुम्ही हृदयविभागात नाव घातलंय, ते आधी काढून आणा. काढायची खिडकी जेवणासाठी बंद झाली होती. काकू मध्येच गुडघ्याचं औषध घेऊन परत आल्या, तरी हे तिथेच.

साहेबांचा संयम सुटला. ते खिडकीत वाकून म्हणाले, "मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. मला निदान कुणीतरी सरळ उत्तर द्या."

ते नुसतं ओळख म्हणून म्हणाले होते. पण खिडकीमागची बाई उठून आत गेली, आतून दोन परिचारिका बाहेर आल्या, आणि बोळातला वजनकाटा एका चादरीखाली नाहीसा झाला. एक वॉर्डबॉय दुसरा काटा कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन जिन्याकडे पळाला.

"साहेब, तुम्ही आत बसा ना," बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली.

"मी तपासणीला आलेलो नाही."

"नाहीच, नाहीच. तुम्ही आत तर बसा."

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी आपल्या हुद्द्यामुळे मिळालेली खुर्ची घेतली. पाठ दुखत होती.

डॉक्टरबाई वयाने मोठ्या होत्या आणि त्यांना कसली घाई दिसत नव्हती. त्यांनी बबडीचा रक्तदाब घेतला, छाती तपासली, उंची घेतली, आणि शेवटी कमर मोजली. मग म्हणाल्या, "छान आहे. निम्म्याच्या बऱ्यापैकी आत आहे."

साहेबांनी बायकोकडे बघितलं. तिने घातलेली अट आठवत असूनही त्यांच्याने राहवेना. "मॅडम, माफ करा. तुमच्या टेपवर शिक्का आहे का?"

"कसला शिक्का?"

"खात्याचा. कारण मी रोज मोजतोय आणि ती निम्म्याच्या बाहेर आहे." त्यांनी खिशातून टेप काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरबाईंनी दोन्ही टेपा शेजारी शेजारी पसरल्या. एक शून्यापासून सुरू होत होती. दुसरी आठापासून.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. टेपचं टोक बारीक टाक्यांनी सुबक दुमडून शिवलेलं होतं, आणि त्या टाक्यांच्या लगेच पुढे आठ होता. टेप कमरेभोवती फिरून हे टोक जिथे मिळतं, तिथलाच आकडा ते रोज वाचत आले होते. टोकावर कोणता आकडा आहे ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"माझी जुनी टेप," बायको म्हणाली. "टोक फाटलं होतं म्हणून मी कापून शिवून घेतलं. वापरताना आठ वजा करते मी."

"मला का नाही सांगितलंस?"

"ती तुमच्या खिशात आहे हेच मला माहीत नव्हतं, मला वाटलं तुम्ही नवी आणलीत. मी किती दिवस शोधतेय." मग जरा थांबून ती हळू म्हणाली, "आणि अहो, हे तर तुमचं खातं ना."

साहेबांनी दुकानदारांच्या काउंटरवर किती वेळा हात आपटला होता, ते सगळे हात त्यांना त्या क्षणी दिसले. ते काही तरी बोलायला गेले, आणि त्याऐवजी त्यांना हसू आलं. कोरडं, पण हसू. त्यांनी मनातल्या मनात एकोणसत्तरातून आठ काढले. एकसष्ट. पुन्हा काढले. तेवढेच राहिले. त्यांच्या खांद्यांवरून कुणीतरी पोतं उतरवल्यासारखं झालं आणि ते खुर्चीत चांगलेच खाली सरकले.

"तुम्ही घेरावर लक्ष ठेवलंत ते बरोबर होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फक्त रोज मोजायचं नसतं. वर्षातून एखाददा पुरे. बाकीचे दिवस खेळू द्या, झोपू द्या, गोड पेयं कमी द्या, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच खा. तिच्या एकटीच्या ताटाकडे बघत बसू नका."

मग त्या दाराशी उभ्या असलेल्या काकूंच्या नातीकडे वळल्या. "आणि ही कोण?"

"ती तर छडी आहे," काकू म्हणाल्या.

"हात-पाय छडी आहेत. पोट बघू दे." डॉक्टरबाईंनी स्वतःच्या टेपने मोजलं, उंची-वजन घेतलं, काकूंना चार प्रश्न विचारले. त्यातून निघालं, की पोरगी दोन घास खाऊन उठते ते दिवसभर बाटलीतलं गोड सरबत पिते म्हणून, आणि खेळायला म्हणून ती जागची हलत नाही. "ही जराशी बाहेर आहे. बारीक मुलांमध्ये कुणी बघत नाही म्हणून राहून जातं. घाबरू नका. आत्ता कळलं हे चांगलं झालं. रक्त तपासू, सरबत बंद करू, आणि हिला पळायला पाठवा."

काकूंचा चेहरा उतरला. मग त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटल्या, "मोजू द्यायला हवं होतं मी." साहेब घाईघाईने म्हणाले, "बरं झालं नाही दिलंत. मी काय सांगितलं असतं कुणास ठाऊक."

बबडी अजून तपासणीच्या उंच पलंगावर पाय सोडून बसली होती. डॉक्टरबाईंनी खुर्ची तिच्याकडे फिरवली. "तुला काही विचारायचंय?"

"धावलं तर ते बंद पडतं का?"

डॉक्टरबाईंनी छाती तपासायची नळी तिच्या कानांना लावली आणि दुसरं टोक तिच्याच छातीवर ठेवलं. "ऐकू येतंय?"

बबडीने मान हलवली.

"आता खाली उतर आणि मी थांब म्हणेपर्यंत उड्या मार."

बबडीने आईकडे बघितलं, मग उड्या मारायला लागली. आधी बेताने, मग वेणी उडेल इतक्या जोरात. टेबलावरची औषधांची बाटली थरथरू लागली तेव्हा डॉक्टरबाई थांब म्हणाल्या. नळी पुन्हा कानाला लागली. बबडीचे डोळे मोठे झाले.

"काय म्हणतंय?"

"खूप जोरात चाललंय."

"त्याचं कामच आहे ते. त्याला असंच चालवायचं."

मग आईने ऐकलं. मग साहेबांनी. धडधड, धडधड, एका सुरात, घाईत, जणू आतला कुणीतरी बाहेर खेळायला यायला निघाला आहे. त्यांनी किती ठोके ते मोजले नाहीत. नळी परत देताना त्यांचे डोळे ओले झाले होते, आणि ते लपवायला त्यांनी पुन्हा एकदा चष्मा पुसला.

इमारतीत परत गेल्यावर सगळ्यांना खरं सांगणं भाग होतं. साहेबांनी ते जिन्याच्या तळाशी उभं राहून सांगितलं, एक शब्द न गाळता. मग बँकवाल्यांनी मनातल्या मनात आठ वजा करून आपल्या मुलाकडे बघितलं आणि ते पायरीवरच बसले. कुणी हसलं, कुणी रागावलं, पण रागावलेल्यांच्याही चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं लपत नव्हतं. साहेबांना टोमणे बसणार असं दिसताच काकू पुढे झाल्या आणि नातीचं सगळं सांगून मोकळ्या झाल्या. त्यानंतर फारसं कुणी काही बोललं नाही. लिफ्ट त्याच संध्याकाळी सुरू झाली. पीटी सरांना जरा वाईट वाटलं, पण मुलांनी त्यांना जिन्यावरची शर्यत सुरूच ठेवायला सांगितली. मुलांना त्या खेळाचा नाद लागला होता.

चहाच्या वेळी साहेब खिडकीशी उभे होते. खाली अंगणात बबडी काकूंच्या नातीचा हात धरून तिला ओढत नेत होती. मग हात सुटला आणि दोघी पळायला लागल्या. बबडी पुढे, फ्रॉक वर उडालेला, समोर सायकलींची रांग, कोपऱ्यावर ओली फरशी. 'हळू' हा शब्द साहेबांच्या ओठांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला.

बबडी कोपऱ्यावर घसरली, सावरली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. तिच्या मागून दुसरीचं हसणं ऐकू आलं. साहेब खुर्ची ओढून बसले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी चहा गरम असतानाच पिऊन टाकला.